म्यानाचं पितळ

रोमन सैनिकांच्या तलवारींची म्यानं आमच्या घरी तयार व्हायची असं मी सांगितलं की लोक आधी माझ्याकडे नीट बघून घेतात आणि मग हसतात. हसोत. अंबरनाथ पश्चिमेला आमचं बैठं घर होतं आणि घरामागे पत्र्याची शेड होती. त्या शेडमध्ये बाबा बसायचे. खरं तर म्यानं नाहीच, म्यानाचं फक्त पितळ ते करायचे. तोंडाशी बसणारी पट्टी, टोकाला घालायचं टोपण, मधले आडवे पट्टे आणि त्या पट्ट्यांत अडकवलेल्या कड्या. लाकूड आणि चामडं दुसरीकडे चढायचं, पातं उत्तरेत कुठेतरी घडायचं. आमच्या घरात तलवार म्हणून एकही कधी आली नाही.

काम आणलं होतं उल्हासनगरच्या एका सिंधी शेठने. बकलं, पर्सच्या कड्या, दाराच्या मुठी असला माल ते बनवून घ्यायचे. परदेशातला कोणी व्यापारी त्यांच्या ओळखीचा होता. तिकडे हौशी लोक सुट्टीच्या दिवशी रोमन सैनिकांचे कपडे घालून मैदानात कवायत करतात, आणि त्यांना सगळं सामान अगदी तेव्हासारखं लागतं, असं शेठने सांगितलं. मला ऐकूनच राग आला होता. आमच्याकडे शिफ्ट सुटली की माणसाला झोप पुरत नाही, आणि हे लोक रविवारी मेलेल्या माणसांचे पट्टे कमरेला बांधून हिंडतात!

बाबांनी मात्र काम लगेच घेतलं. ते कारखान्यात टूलरूमला, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायच्या खात्यात होते. दादाचं झाल्यावर त्यांचं तिथे लक्ष लागेना, म्हणून त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली होती. हाताला काहीतरी हवं होतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. एका सकाळी तो मित्रांबरोबर बदलापूरला उल्हास नदीवर पोहायला गेला. मित्र परत आले. काठावर त्याचा शर्ट आणि चपला सापडल्या. गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांनी बुड्या मारल्या, दोर आणि गळ टाकून झाले, माणसं काठाकाठाने पार खालपर्यंत जाऊन आली. दादा मिळाला नाही. तेव्हापासून आईचं म्हणणं एकच होतं. शर्ट सापडला, तो सापडला नाही, म्हणजे तो आहे. कुठेतरी लागला असेल काठाला, डोक्याला मार बसला असेल, आठवलं की येईल.

त्यामुळे घरात त्याचं दिवसकार्य झालं नाही आणि फोटोला हार चढला नाही. बाबा त्याचं नाव घेऊन काही बोलायला लागले की वाक्याच्या शेवटी ‘होता’ यायचं, आणि आई ‘आहे’ म्हणून उसळायची. मग पुढे ते नावच घरात कोणी घेईना. आम्ही सगळे त्याच्याभोवतून जायचो, जसं वाटेत झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालून जातात तसे.

पहिली ऑर्डर सगळ्यात जुन्या धर्तीची होती. शेठने छापील पानांच्या झेरॉक्स आणल्या. मी ड्राफ्ट्समनचा कोर्स करून घरी बसले होते, त्यामुळे त्या पानांवरून मापाचं ड्रॉइंग काढणं आणि इंग्रजी वाचून बाबांना सांगणं माझ्याकडे आलं. ही जुनी म्यानं खाली निमुळती होत जाणारी आणि पितळाने मढवलेली. दोन्ही कडांना पत्र्याची पन्हळ वाकवून वरपासून खालपर्यंत बसवलेली, मधे दोन आडवे पट्टे, त्यांना दोन्ही बाजूंनी कड्या, आणि अगदी टोकाला एक गोळा. तोंडाच्या पत्र्यावर पानंफुलं, देव, घोडे असा उठाव. शेठची एकच अट होती.

“मिस्त्री, जैसा सॅम्पल वैसा माल. अपनी अकल नहीं लगाने का.”

उल्हासनगरात नकलेला कोणी कमी लेखत नसे. मूळ वस्तूवर जे असेल ते सगळं उतरलं पाहिजे, टाका, ठसा, निशाणी, सगळं. काही सुटलं तर ती नामुष्की. बाबांना हे मनापासून पटलं होतं. टूलरूममध्ये त्यांनी जन्मभर हेच केलं होतं.

पितळ बसतंय का ते पाहायला शेठने लाकडाची रिकामी म्यानं दिली होती. बाबांनी ती शेडमध्ये खिळ्यांना ओळीने टांगली. आईने पाहिलं आणि ती दारातच थबकली. रिकामा पाळणा हलवत नाहीत, रिकामी कात्री वाजवत नाहीत, तसं रिकामं म्यानही घरात टांगू नये, असं तिचं म्हणणं पडलं. हे तिला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. आमच्या सात पिढ्यांत कोणी तलवार धरली नव्हती, भाताचे विळे काय ते धरले. पण तिने बांबूच्या कामट्या तासून प्रत्येक म्यानात एक एक घालून ठेवली, तेव्हा कुठे तिचा जीव खाली पडला. वारा आला की त्या कामट्या आत खडखडायच्या. मला तो आवाज अजिबात आवडायचा नाही. कोणीतरी आत आहे आणि बाहेर यायला बघतंय असं वाटायचं.

त्या झेरॉक्समध्ये एका सैनिकाच्या थडग्याच्या दगडाचं चित्र होतं. तलवार कशी लटकवत ते समजावं म्हणून दिलेलं. सैनिक समोर तोंड करून उभा, उजव्या कमरेला तलवार. चेहरा झिजून सपाट झाला होता, नाकडोळे काही नाही. पण म्यानाचे पट्टे, कड्या आणि टोकाचा गोळा स्पष्ट. मी भिंग धरून त्या कड्या काढत होते आणि काढता काढता माझ्या लक्षात आलं की दादाचा चेहरा आठवायला गेलं की मला हल्ली त्याच्या शर्टाची बटणंच दिसतात. काठावर घडी न करता टाकलेल्या त्या शर्टाची पांढरी बटणं. चेहरा येतच नाही. मी पेन्सिल खाली ठेवली आणि अंगणात जाऊन उभी राहिले. खूप भीती वाटली मला तेव्हा.

वर्षं गेली तशा ऑर्डरी बदलत गेल्या. परदेशातला व्यापारी काळाच्या क्रमाने पुढे सरकत होता. दुसऱ्या धर्तीत पात्याच्या कडा सरळ झाल्या, टोक आखूड झालं आणि पितळ कमी झालं. आता तोंडाला एक पट्टी, तिच्यावर जाळी कापून केलेलं काम, आणि टोकाला त्रिकोणी टोपण. कडेला ताडाच्या पानासारखी नक्षी. मधे बराचसा भाग नुसतं चामडं. कड्या मात्र अजून चार होत्या. चारही कड्या कशाला लागत ते बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही. दोन पुरतात, असं ते म्हणायचे आणि तरी चार करायचे.

त्यानंतरच्या मालात कड्याच गेल्या. म्यानाच्या पुढच्या अंगाला एक उभा, लांबट, मधे उचललेला पितळी तुकडा आला आणि त्याखालून खांद्यावरचा रुंद पट्टा ओवायचा. तलवार लांब झाली आणि उजवीकडची डावीकडे गेली. टोपणाला चंद्रकोरीसारखा आकार आला, त्यात डोळ्यांसारखी भोकं. आणि सगळ्यात शेवटी तर टोपण म्हणजे नुसती गोल चपटी डबी, कुंकवाच्या डबीएवढी. देव, घोडे, पानंफुलं काही उरलं नाही. बाबा ती डबी हातात फिरवत म्हणाले, “शेवटी तोंड झाकलं आणि टोक झाकलं की झालं. बाकी सगळी हौस होती.” तोवर त्यांचे केस पांढरे झाले होते.

या सगळ्या वर्षांत आई घरात तशीच होती. कधीकधी दुपारी ती काम टाकून मागच्या दाराशी जाऊन उभी राहायची. दादा घरी येताना शीळ घालायचा, ती तिला ऐकू यायची. मी तिला ‘भास आहे’ म्हणायचे. पण एकदा मलाही ऐकू आली. कपडे वाळत घालत होते, आणि अगदी तीच शीळ, शेवटी जरा खाली येणारी. मी वळले तर आई दारात आली होती आणि माझ्याकडे बघत होती.

बदलापूर गावातली आत्या, म्हणजे बाबांची बहीण, आली की हा विषय काढायचीच. माझं लग्न जमत नव्हतं, बाबांच्या बोटाला शेडमधल्या पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये इजा झाली होती, सगळ्याचा अर्थ तिच्या मते एकच होता.

“वैनी, त्याला मोकला करा. अरकलंय पोर. बारा वर्सं होत आली, आता दर्भाचा पुतला करून इधी करतात. भटजीला इचारलंय मी.”

“विधी केला म्हणजे मीच त्याला मारला,” आई म्हणायची. “तुमच्या पोराचा कराल?”

बाबांचंही मत आत्यासारखंच होतं हे मला ठाऊक होतं, पण आईच्या मनाविरुद्ध ते करायचे नाहीत. आणि आईचं मन वळेल असं कोणालाच वाटत नव्हतं.

नव्वदीच्या सुरुवातीला व्यापारी परत पहिल्या धर्तीकडे वळला. त्याला नवीन नमुना मिळाला होता. म्यानाच्या तोंडाची पट्टी, मोठा स्पष्ट फोटो. पट्टीच्या खालच्या अंगाला बारीक टिंबांच्या दोन ओळी होत्या, खिळ्याच्या टोकाने ठोकल्यासारख्या. मी त्या निरखून पाहिल्या. काही अक्षरं इंग्रजीसारखी, काही अर्धी, काही तिरकी, आणि वाचून शब्द कुठलाच होत नव्हता. मला वाटलं बनवणाऱ्याची निशाणी असेल. उल्हासनगरच्या मालावर काय कमी अक्षरं असतात, ज्यांचा अर्थ ठोकणाऱ्यालाही माहीत नसतो! मी ती टिंबं जशीच्या तशी उतरवून घेतली. बाबांनी एक बारीक पंच घासून केला आणि प्रत्येक पट्टीवर ती अक्षरं टिंब टिंब करून ठोकली. वाकडं ते वाकडं, पुसट ते पुसट. इतकं सुरेख काम त्यांनी क्वचितच केलं असेल. पहिला लॉट परदेशी गेला.

दुसरा लॉट तयार होत होता तेव्हा एका दुपारी शेठ स्कूटरवरून आले. शेडमध्ये शिरतानाच हसत होते.

“अरे मिस्त्री, तुमने तो मुर्दे का नाम ठोक दिया!”

बाबांना काही कळेना. शेठने खिशातून व्यापाऱ्याचा कागद काढून मला दिला. “बेटी, पढ के सुनाओ.”

मी वाचून दाखवलं. ती टिंबं म्हणजे कारागिराची निशाणी नव्हती. ज्या सैनिकाची ती तलवार होती त्याने स्वतः आपलं नाव पट्टीवर टोचलं होतं. खालची ओळ दुसऱ्या हाताची, त्याच्यानंतर ती तलवार ज्याच्याकडे गेली त्याचं नाव. पट्टी एका नदीच्या गाळात सापडली होती. गिऱ्हाइकांना दुसऱ्याचं नाव असलेला माल नको, तेव्हा पुढच्या पट्ट्या कोऱ्या पाठवा, आणि झालेल्यांवरची टिंबं ठोकून सपाट करा.

आई चहा घेऊन दारात उभी होती. ती कधी आली ते मला कळलं नव्हतं.

“नदीत सापडली?” तिने विचारलं.

“हो.”

“किती जुनी?”

“दोन हजार वर्षांची असेल.”

“आणि माणूस?”

मी पुन्हा कागद पाहिला, जसं काही त्यात असेल. “माणसाचं काही लिहिलं नाही. फक्त पितळ.”

शेठना आमच्या घरातलं माहीत होतं. त्यांचं हसू मावळलं. “भाभी, बहुत पुरानी बात है ये,” असं काहीतरी ते म्हणाले आणि चहा तसाच ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी पहिली पट्टी ऐरणीवर घेतली. त्या कामट्या घातल्यापासून आई शेडमध्ये पाऊल ठेवत नसे, त्या दिवशी ती सरळ आत आली.

“नाव पुसू नका.”

“अगं, शेठला माल द्यायचाय.”

“कोऱ्या पट्ट्या नवीन करून द्या. ह्या राहू देत. त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय. कोणीतरी घ्यावं म्हणूनच लिहितं ना माणूस नाव?”

बाबांनी हातोडी खाली ठेवली. मी त्यांना आईवर आवाज चढवताना कधी ऐकलं नव्हतं, आणि तेव्हाही आवाज चढला नाही, पण तो ओळखू येत नव्हता.

“आणि तुझ्या पोराचं नाव? ते पुसलं कोणी? इतकी वर्षं ह्या घरात कोणी घेतलंय का ते? त्या दोघांना निदान खिळा तरी मिळाला.”

आई उभीच राहिली. मला वाटलं ती आता कोसळेल किंवा ओरडेल. ती वळून घरात गेली, आणि बाबांनी ती पट्टी तशीच बाजूला ठेवली.

पितृपक्ष चालू होता. पुढचे दिवस आई गरजेपुरतं बोलली. सर्वपित्रीच्या दिवशी तिने नेहमीसारखा स्वयंपाक केला, खीर, वडे, भोपळा, गवार, कारलं, आमसुलाची चटणी. बाबांच्या आईवडिलांचं पान मागच्या भिंतीवर ठेवलं. मग तिने दुसरं पान घेतलं, तेही नीट वाढलं आणि मला म्हणाली, “ती पट्टी आण. नावं वाच त्या दोघांची.”

मी वाचली. काय वाचलं देव जाणे. तुटकी अक्षरं, ना मला त्यांचा उच्चार ठाऊक ना अर्थ. त्या दोघांपैकी कोणाला ते ऐकू गेलं असतं तर हसूच आलं असतं. पण मी मोठ्याने वाचली, दोन्ही. आईने पाणी सोडलं. कावळे आजी-आजोबांच्या पानावर होतेच, त्यातला एक उडी मारून दुसऱ्या पानावर आला आणि वडा घेऊन गेला.

आई त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

“कुठला कोण,” ती म्हणाली. “त्याला हाक मारणारं कोणी नव्हतं. एकदा मारली तर आला.”

मग ती म्हणाली, “अजून एक पान वाढ.”

“कोणाचं?”

तिने दादाचं नाव घेतलं. शाळेच्या दाखल्यावर असतं तसं, त्याचं नाव, बाबांचं नाव, आडनाव. बाबा नळाखाली हात धूत होते. ते वळले नाहीत, पण त्यांचे हात तसेच पाण्याखाली राहिले.

मी पान वाढलं. दादाला आवडायची म्हणून खीर जास्त वाढली. पान भिंतीवर ठेवलं आणि आम्ही मागे सरलो. कावळे तारेवर जाऊन बसले. एकही खाली येईना. ऊन चढलं, भात वाळायला लागला. बाबा पुढे झाले आणि अशा वेळी बोलतात तसं बोलू लागले. तुझ्या बहिणीचं लग्न करून देतो. तुझ्या आईला सांभाळतो. मग म्हणाले, “त्या सकाळी तुला नको जाऊ म्हणायला हवं होतं मी.” कावळे हलले नाहीत. मीही काहीतरी म्हणाले, आता आठवत नाही.

“सरका,” आई म्हणाली.

ती भिंतीपाशी गेली. हाताला तूप लागलेलं होतं, ते तिने पदराला पुसलं. पानाकडे बघून, रोजच्या आवाजात, तो समोर जेवायला बसला असल्यासारखी ती बोलली.

“हे बघ, मी आता तुझी वाट बघणार नाही. खरंच नाही बघणार. माझ्यासाठी थांबू नकोस. जा तू.”

ती मागे फिरली तोच कावळा खाली आला. आधी खिरीतच चोच घातली. बाबा होते तिथेच खाली बसले आणि मोठ्याने रडायला लागले, दादा गेला त्या दिवशी रडले नव्हते तसे. मला त्यांच्याजवळ जायचं होतं, पण आई आत गेली होती म्हणून मी तिच्या मागे गेले.

ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती आणि खिरीच्या पातेल्यावर झाकण ठेवत होती.

“खोटं बोलले मी त्याला,” ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

“वाट बघायची काय बंद होते? पण तसं म्हटल्याशिवाय तो हलला नसता. तू कुणाकडे बोलू नकोस. बाहेर तर मुळीच नको, ऐकेल तो.”

मग तिने मला बाबांना जेवायला बोलवायला पाठवलं.